काढून ठेवलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पावसाळ्यानंतर त्रास का देतो, आणि तो कसा ठेवावा

तक्रार दरवर्षी साधारण एकाच मोसमात ऐकू येते. एप्रिल-मेमध्ये इंजिनच्या मोठ्या कामासाठी गाडी उघडली, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खाली उतरवला. पार्ट यायला वेळ लागला, मधे पैशांची ओढाताण झाली आणि बघता बघता गणपती आले. दसऱ्याच्या सुमारास गिअरबॉक्स पुन्हा चढवला, तर ‘डी’त टाकल्यावर गाडी काही क्षण नुसतीच उभी राहते आणि मग धक्का देऊन निघते. किंवा चाळीस-पन्नासच्या वेगाला थरथरते. नाहीतर पुढच्या सीलमधून तेल गळतं. मालक म्हणतो, “काढला तेव्हा एकदम ओके होता.” मेकॅनिक म्हणतो, “साहेब, आम्ही त्याला हातसुद्धा लावलेला नाही.” बहुतेक वेळा दोघंही खरंच बोलत असतात. बिघाड त्या हात न लावलेल्या महिन्यांतच झालेला असतो.

मॅन्युअलमध्ये ‘कोरड्या जागी ठेवा’ असं लिहिलेलं असतं. मुंबईत जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबर उजाडेपर्यंत कोरडी जागा आणायची कुठून? म्हणून इथे नियम बदलावा लागतो: गिअरबॉक्स आतून पूर्ण बंद, बाहेरून वारा खेळता. गॅरेजांत बहुधा याच्या नेमकं उलटं दिसतं. ॲक्सलची भोकं उघडी, आणि वरून जमिनीपर्यंत घट्ट ओढलेली ताडपत्री.

ओलसर हवा आत जाऊन काय करते

पोलाद गंजायला पाण्याचा थेंब लागतोच असं नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर गंज धरू लागतो. पृष्ठभागावर मीठ बसलेलं असेल तर त्याहूनही आधी. पावसाळ्यात मुंबईची हवा जवळजवळ रात्रंदिवस या रेषेच्या वरच असते. कुलाबा, वरळी, वर्सोवा अशा समुद्राला लागून असलेल्या भागांत मिठाची भर पडते. बोरिवली-मुलुंडच्या डोंगराकडच्या बाजूला मीठ कमी, पण ओल तेवढीच.

गंजापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती क्लच प्लेटची. ऑटोमॅटिकमधल्या या प्लेटांवरचं अस्तर कागदी जातीचं असतं: तंतू, राळ आणि पोलादी प्लेटला चिकटवणारा गोंद. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की बिस्किटं सादळतात, तसं हे अस्तरही ओल धरतं. कागदाच्या तंतूंना तेलापेक्षा पाणी जास्त प्रिय, त्यामुळे पाणी अस्तरातल्या तेलाला बाहेर ढकलून स्वतः जाऊन बसतं आणि हळूहळू गोंद सोडवतं. अस्तर सुटू लागलं की प्लेट पकडताना थरथर होते, आणि सुटलेला चुरा फिल्टरमध्ये आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेलाचा दाब हवा तिकडे वळवणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांमध्ये जाऊन अडकतो. रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी गिअरबॉक्समध्ये गेल्यावर जे होतं तेच हे, फक्त संथपणे.

आता ब्रीदर, म्हणजे आतला दाब बाहेर सोडणारं छोटं तोंड. साठवणीची गोष्ट निघाली की सगळे ब्रीदरच्या मागे लागतात: “गिअरबॉक्स श्वास घेतो, दमट हवा ओढतो.” ओढतो, पण किती? हवा दर अंश सेल्सिअसला आपल्या आकारमानाच्या साधारण तीनशेव्या हिश्शाने फुगते. आत ६ लिटर मोकळी हवा आहे आणि पावसाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात ५-६ अंशांचा फरक आहे असं धरलं, तर रोज १००-१२० मिलिलिटर हवा आत-बाहेर होते. ३० अंशांना पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये जवळपास ३० ग्रॅम पाणी मावतं. म्हणजे ब्रीदरमधून रोज तीन-चार मिलिग्रॅम पाणी. चार महिन्यांचं सगळं पाणी आतच राहिलं असं मानलं तरी अर्धा ग्रॅमसुद्धा भरत नाही. ब्रीदरला टोपी लावाच, ती लावायला मिनिटही लागत नाही. पण खरी दारं वेगळी आहेत. ड्राइव्ह शाफ्ट ओढून काढल्यावर दोन्ही बाजूंना उघडी पडणारी मोठी भोकं, कूलरच्या पाइपांची तोंडं, डिपस्टिकची नळी, स्पीड सेन्सर काढला असेल तर त्याची जागा. यातून हवा सरळ ये-जा करते, त्यासाठी तापमान बदलण्याची वाट बघावी लागत नाही.

ब्रीदरचा हिशेब एकाच ठिकाणी बिघडतो, तो म्हणजे पत्र्याची शेड. पत्रा दुपारी तापतो, सर आली की झटकन गार होतो, पुन्हा ऊन पडलं की पुन्हा तापतो. तिथे दिवसातून अनेकदा श्वास घेतला जातो, आणि गार पडलेल्या जड धातूवर दमट हवा आली की त्याला घामही फुटतो. स्लॅबखालची सावली पत्र्याखालच्या सावलीपेक्षा केव्हाही बरी.

काय दिसतंय त्यावरून कारण शोधा

*खाली तेल जमलंय.* लगेच सील फुटलं असं समजू नका. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे देणारा पुढचा गोल डबा, आणि त्याच्या पोटात काही लिटर तेल असतं. गाडी चालू असताना ते तिथेच फिरत राहतं, उभं राहिलं की थोडं थोडं पंपातून मागे ओघळून खालच्या चेंबरमध्ये, म्हणजे तेल साठणाऱ्या तळाच्या भांड्यात, उतरतं. चेंबरमधली पातळी वाढते आणि ॲक्सलच्या उघड्या भोकापर्यंत पोचली की तेल बाहेर पडतं. गिअरबॉक्स एका अंगाला कलंडून ठेवला असेल तर हे आणखी लवकर होतं. भोकं बंद करून तो गाडीत असतो तसा आडवा, समतल ठेवा, पुसून घ्या आणि आठवडाभर बघा. पुन्हा तेल आलं आणि ते बेल हाउसिंगच्या (इंजिनला टेकणाऱ्या घंटेसारख्या पुढच्या कवचाच्या) आतून, कन्व्हर्टरच्या मागून येत असेल, तर मात्र पुढच्या पंपाच्या सीलकडे बघायला हवं. गिअरबॉक्स बेल हाउसिंगवर उभा ठेवलेला असेल तर तेल त्याच सीलवाटे उतरणार. जागा वाचते म्हणून बरेच जण तो जुन्या टायरवर तसा उभा करतात. ती सवय सोडलेली बरी.

*कन्व्हर्टर पुढे सरकलाय.* हे दिसायला साधं, पण खिशाला सगळ्यात महाग पडणारं. गिअरबॉक्स उचलताना किंवा सरकवताना पुढची बाजू खाली झुकली की कन्व्हर्टर स्वतःच्या वजनाने सुटून पुढे येतो. पूर्ण बाहेर पडला तर तेल सांडतं आणि ते निदान कळतं तरी. अर्धवट सरकला तर कळत नाही. तो तसाच असताना गिअरबॉक्स इंजिनला लावून बोल्ट आवळले की कन्व्हर्टरचा हब पंपाच्या गिअरवर दाबला जातो आणि पंप फुटतो. गाडी सुरू केल्यावर गिअर पडत नाही, आवाज येतो, आणि चार महिने सांभाळलेला गिअरबॉक्स पुन्हा खाली येतो.

उपाय काढतानाच करायचा. बेल हाउसिंगच्या दोन बोल्टांच्या भोकांमध्ये आडवी लोखंडी पट्टी बसवा, म्हणजे कन्व्हर्टर पुढे येऊच शकत नाही. आणि पट्टी बसवण्याआधी बेल हाउसिंगच्या कडेपासून कन्व्हर्टरच्या बोल्टच्या कानापर्यंतची खोली मोजून गिअरबॉक्सवरच पेंट मार्करने लिहा. कागदावर लिहिलेलं दसऱ्यापर्यंत सापडत नाही. सरकलेला कन्व्हर्टर परत बसवताना तो हलक्या हाताने फिरवत आत ढकलायचा. इनपुट शाफ्टचे दाते, स्टेटरचे दाते आणि पंपाची खाच असे टप्पे असतात, आणि प्रत्येक टप्प्याला तो थोडा आत गेल्याचं हाताला जाणवतं. लिहिलेली खोली जुळली तरच बसला. ‘बसला वाटतं’ हे चालत नाही.

*हबवर तांबूस डाग.* कन्व्हर्टरचा जो गुळगुळीत गळा पंपाच्या सीलमध्ये फिरतो, त्यावरचा गंज म्हणजे सीलला लावलेली कानस. बसवल्यावर हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये पुढून गळती सुरू होते आणि दोष बिचाऱ्या नव्या सीलवर येतो. डाग नुसता रंगाचा असेल, नखाला लागत नसेल, तर अतिशय बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून गोलाईच्या दिशेने हलकेच फिरवा. पेपर आडवा-तिडवा चालवू नका, आणि त्याची भुकटी सीलच्या आत जाऊ देऊ नका. नखाला खड्डा लागत असेल तर कन्व्हर्टर बदलणं किंवा हब दुरुस्त करून घेणं, याशिवाय मार्ग नाही.

*चालवताना थरथर, विशेषतः हलक्या ॲक्सिलरेटरवर, समान वेगात.* कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच (समान वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) नीट पकडत नाही असा याचा अर्थ होऊ शकतो, आणि साठवणीनंतर ही तक्रार आली तर आधी तेलात पाणी शोधायचं. चेंबरखालच्या बोल्टमधून थोडं तेल पारदर्शक बाटलीत घ्या. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी, गढूळ दिसलं तर आणखी तपासायची गरजच नाही. लाल आणि स्वच्छ दिसलं तरी थोडं पाणी असू शकतं. त्यासाठी जाड पत्रा चांगला तापवून त्यावर दोन-तीन थेंब टाका. तडतड आवाज करत फुटले तर पाणी आहे. हे गॅरेजात, चष्मा लावून, दोन थेंबांवरच करायचं. घरच्या गॅसवर नाही, आणि वाटीभर तेल घेऊन तर मुळीच नाही. चेंबर उघडला तर आतल्या चुंबकाकडेही बघा. करड्या रंगाचा मऊ लेप ही नेहमीची झीज. त्यात नारिंगी-तपकिरी पूड मिसळलेली दिसली तर आत कुठेतरी गंज चढलाय.

*स्कॅनरवर सोलेनॉइडचे (तेलाच्या वाटा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचे) किंवा सेन्सरचे फॉल्ट.* मुंबईत याचं पहिलं कारण उंदीर. वायरिंगचं इन्सुलेशन आणि कनेक्टरचं रबर त्यांना का आवडतं कोण जाणे, पण आवडतं. बेल हाउसिंगची पोकळी तर घर करायला आयतीच. दुसरं कारण कनेक्टरच्या पिनांवर चढलेला हिरवट थर. गिअरबॉक्स काढल्याबरोबर मल्टीमीटरने प्रत्येक सोलेनॉइडचा रोध मोजून लिहून ठेवला असेल तर बसवण्याआधी पुन्हा मोजता येतो आणि भांडण मिटतं. आकडे जुळले तर सोलेनॉइडच्या कॉइलवर संशय नको. वायर, पिना आणि अर्थिंग तपासा.

जो गिअरबॉक्स साठवायचाच नाही

पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचा गिअरबॉक्स ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तसा दिवस पुन्हा यायलाच हवा असं नाही. सखल भागात तासाभराच्या जोरदार सरीतही ॲक्सलच्या वरपर्यंत पाणी चढतं. गरम गिअरबॉक्स पाण्यात बुडाला की तो झटकन गार होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाणीच ओढून घेतो. वर हिशेब केला तो हवेचा होता. इथे तोच ब्रीदर सरळ पाणी पितो. असा गिअरबॉक्स विम्याच्या सर्वेअरची पाहणी उरकताच उघडायचा. तेल काढायचं, चेंबर उतरवायचा, प्लेटा बघायच्या. जितका उशीर तितका खर्च. विम्याचं काम लांबणार असेल तर निदान तेल बदलून घेण्याची परवानगी लेखी मागून घ्या.

कुर्ला किंवा कलिनाच्या सीएसटी रोडवरून आणलेल्या जुन्या गिअरबॉक्सलाही थोडंफार हेच लागू. तो तिथे किती दिवस, कोणत्या अंगावर आणि किती भोकं उघडी ठेवून पडला होता, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. आणल्या दिवशीच तेल काढून बघा, मग ठेवा.

ठेवायची पद्धत

सगळ्यात आधी धुण्याबद्दल. उतरवलेला गिअरबॉक्स चिखलाने, जुन्या तेलाने माखलेला असतो आणि गॅरेजातल्या पोराचा हात आपोआप प्रेशर वॉशरकडे जातो. भोकं उघडी असताना पाण्याचा फवारा मारणं म्हणजे पावसाळ्याने चार महिन्यांत केलं नसतं ते पाच मिनिटांत करणं. आधी बुचं बसवा, मग ब्रश आणि थोड्या रॉकेलने किंवा डिझेलने घाण काढा आणि कोरड्या फडक्याने पुसा. पाणी मारायचंच असेल तर ब्रीदर, कनेक्टर आणि बेल हाउसिंग सोडून, आणि नंतर हवेने नीट वाळवून.

बुचं प्लास्टिकची किंवा रबराची हवीत. नागदेवी स्ट्रीटला ऑईल सील आणि रबराच्या दुकानांत मोजमाप घेऊन गेलात तर बहुतेक भोकांना मिळतं. ॲक्सलच्या भोकासाठी जुन्या ड्राइव्ह शाफ्टचा आतला तुकडा सापडला तर उत्तमच, कारण तो डिफरन्शियलचे गिअरही जागेवर धरून ठेवतो. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही शाफ्ट एकदम बाहेर काढले की आतले साइड गिअर फिरून जागा सोडतात, आणि मग शाफ्ट परत घालताना तासभर शिव्या घालाव्या लागतात.

चिंधी कोंबू नका. कापडाचे धागे आत जातात, आणि व्हॉल्व्ह बॉडीमध्ये एक धागासुद्धा जास्त होतो. शिवाय कापड वातीसारखी ओल आत ओढत राहतं. कॉटन वेस्ट त्याहून वाईट. एम-सील, सिलिकॉन असलं काही भोकात भरणं तर नकोच. काढताना त्याचा तुकडा आत पडणार हे ठरलेलं. काहीच मिळालं नाही तर जाड प्लास्टिकचा तुकडा ताणून बाहेरून केबल टायने आवळा.

प्रत्येक बुचाला लाल फीत बांधा, आणि ब्रीदरच्या टोपीला सगळ्यात लांब फीत. ब्रीदर बंद ठेवून गाडी चालवली तर तेल तापल्यावर आतला दाब सीलांवर येतो आणि ती बाहेर ढकलली जातात.

तेल ठेवायचं की काढायचं, यावर दोन तट आहेत. माझं मत असं: तेल स्वच्छ असेल, जळका वास नसेल आणि पाण्याचा संशय नसेल, तर आहे तेच राहू द्या. आतल्या सगळ्या भागांवर त्याचाच थर असतो आणि तो काही महिने टिकतो. तेल जुनं, काळपट असेल तर बदलून ठेवा, पण त्याच गिअरबॉक्सला सांगितलेल्या प्रतीचं. सीव्हीटीत (गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये) साधं एटीएफ (ऑटोमॅटिकचं नेहमीचं तेल) आणि एटीएफच्या गिअरबॉक्समध्ये सीव्हीटीचं तेल, असली अदलाबदल ‘नुसती ठेवायला’ म्हणूनसुद्धा करू नका. काही जण काठोकाठ भरायला सांगतात, म्हणजे आत हवाच उरत नाही. तर्क बरोबर आहे. पण तेल तापलं की फुगतं: १० लिटर तेल १० अंशांनी तापलं तर साधारण ७० मिलिलिटर वाढतं. सगळी तोंडं बंद, वर जागा नाही, मग ते सीलमधूनच वाट काढणार. एका पावसाळ्यापुरतं ठेवायचं असेल तर या भानगडीत पडायची गरज नाही. वर्षभर ठेवायचं असेल तर भरा, पण वर थोडी हवा सोडा आणि गिअरबॉक्सवर मोठ्या अक्षरात ‘तेल जास्त आहे’ असं लिहा.

काढलेलं तेल गटारात नाही. वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच ते द्यायचं असतं, आणि बऱ्याच गॅरेजांकडे त्यासाठीचा ड्रम असतो.

उघड्या पोलादावर, म्हणजे कन्व्हर्टरचं पुढचं नाक, बोल्टचे कान, डॉवेल पिना (इंजिन आणि गिअरबॉक्सचा मध्य जुळवणाऱ्या) आणि आउटपुटचे दाते, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडणारे कारागीर आतही तीच वापरतात, कारण ती गरम तेलात विरघळून जाते. बेअरिंगचं पिवळं ग्रीस विरघळत नाही, त्याची गुठळी बारीक वाट अडवू शकते. म्हणून सीलच्या आसपास ते नको. डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं की झालं असं बरेच जण समजतात. ते पाणी बाजूला सारायला चांगलं आहे, पण त्याचा थर इतका पातळ की एक पावसाळा निघणं कठीण.

डॉवेल पिनांचं वेगळं सांगायला हवं. त्या कधी इंजिनमध्ये राहतात, कधी गिअरबॉक्ससोबत येतात आणि हलवाहलवीत पडून हरवतात. त्या नसताना गिअरबॉक्स नुसत्या बोल्टांवर बसवला तर मध्य जुळत नाही आणि पंपाचं बुश खातं. काढल्यावर मोजा, पिशवीत घाला, पिशवी गिअरबॉक्सलाच बांधा. बाकीचे बोल्टही त्यातच.

आता जागा. जमिनीवर थेट ठेवू नका, फरशीतून ओल येते. लाकडी पॅलेट किंवा दोन जाड फळ्या घ्या. वजन मुख्य कास्टिंगवर येईल असं बघा, चेंबरवर नाही. पत्र्याचा चेंबर दबला की आतल्या फिल्टरचं तोंड अडतं आणि तेल ओढलं जात नाही. छोट्या गाडीचा गिअरबॉक्सही कन्व्हर्टरसकट साठ-सत्तर किलोंच्या पुढे जातो, तेव्हा दोघांनी उचलायचा हट्ट न करता चेन पुली वापरा. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये ठेवणार असाल तर सेक्रेटरींना आधीच सांगा, खाली ट्रे ठेवा. तेलाचा एक डाग पडला की पुढच्या मीटिंगचा विषय ठरलेलाच. आणि पाणी भरणारी इमारत असेल तर तळमजला विसरा.

झाकण्याचे दोनच मार्ग आहेत, मधला नाही. पहिला: वरून ताडपत्री, पण चारही बाजूंनी वीतभर वर उचललेली, म्हणजे खालून वारा फिरतो. समुद्रापासून लांब असलेल्या ठिकाणी एवढं पुरतं. दुसरा: जाड प्लास्टिकच्या पिशवीत पूर्ण बंद, आत गंजरोधक व्हीसीआय कागद आणि अर्धा-एक किलो सिलिका जेल, पिशवीचं तोंड टेपने सील. समुद्राजवळ हाच करा. निळी सिलिका ओल शोषून गुलाबी झाली की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तापवून परत निळी करता येते. पण तो ओव्हन स्वयंपाकाचा नको, निळ्या रंगात कोबाल्टचं क्षार असतं. सिलिकाच्या पुड्या गिअरबॉक्सच्या आत टाकू नका. विसरतात. स्ट्रेच फिल्म गुंडाळणं म्हणजे ना बंद ना उघडं. आतली ओल आतच कोंडते.

एसीच्या खोलीत ठेवायची चैन परवडत असेल तर ठेवा, पण बाहेर काढताना सावध. पावसाळ्यात गार धातू बाहेरच्या हवेत आला की क्षणात घामाने न्हातो. बुचं न काढता, पिशवी न उघडता तो बाहेर आणा, अर्धा दिवस तसाच राहू द्या, मग उघडा.

हे सगळं लिहिलं ते टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सबद्दल. सीव्हीटीला बुचं लावण्यात आणखी काटेकोर राहा, कारण त्यातला शेकडो पोलादी तुकड्यांचा पट्टा आणि पुलीचा आरशासारखा पृष्ठभाग गंजाचा एक ठिपकाही सहन करत नाही. कोरड्या क्लचच्या डीसीटीत (दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये) क्लचवर तेल किंवा जेली लागू देऊ नका. मेकॅट्रॉनिकच्या (गिअर बदलणाऱ्या त्याच्या इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक युनिटच्या) ब्रीदरला वेगळी टोपी लावा, आणि कलंडू देऊ नका, सांडलेलं तेल मोजून परत भरणं अवघड. आणि एएमटी ही मुळात मॅन्युअलच, वर ॲक्चुएटर बसवलेली. तिला गिअर ऑईल, बंद भोकं आणि ॲक्चुएटरचं उंदरांपासून रक्षण, एवढं पुरे.

मधल्या महिन्यांत

महिन्यातून एकदा खालचा ट्रे, बुचं आणि वायरी बघा. पिशवी पारदर्शक असेल तर सिलिकाचा रंग न उघडता दिसतो. उंदरांसाठी बारीक जाळी बेल हाउसिंगच्या तोंडावर बांधा. विष ठेवलं तर उंदीर आतच मरायचा. पट्टी काढून कन्व्हर्टर हाताने दोन-चार फेरे फिरवावा असं काही जण सांगतात. त्याने पंप आणि बुश ओले होतात, पण क्लचपर्यंत दाबाने तेल पोचत नाही. फिरवलं तर थोडा फायदा आहे, न फिरवल्याने एका मोसमात काही बिघडत नाही. पिशवी सीलबंद असेल तर केवळ यासाठी उघडू नका.

गाडीकडेही लक्ष हवं. रेडिएटरकडे जाणाऱ्या कूलरच्या पाइपांची तोंडंही बंद करा. गिअरबॉक्स जपला आणि कूलरमधून चिखल आला, असं होतं.

परत चढवताना

शक्य असेल तर कोरड्या दिवशी, दुपारी काम घ्या. बुचं फितींसकट मोजून काढा. तेलाची बाटलीत आणि पत्र्यावर तपासणी करा. पाणी निघालं तर प्लेटा बघितल्याशिवाय गाडीत चढवू नका. नुसतं तेल बदलून ‘चालवून बघू’ केलं तर गोंद सुटायचं थांबत नाही. पाणी नसेल तर जेली पुसा, कूलर आणि त्याचे पाइप योग्य तेलाने धुऊन घ्या, ॲक्सलची सीलं नवी टाका. ती स्वस्त आहेत, आणि शाफ्ट बाहेर असताना बदलणं सोपं जातं.

लिहिलेली खोली जुळवा. गिअरबॉक्स इंजिनला टेकला की बोल्ट पूर्ण आवळण्याआधी कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरतो का आणि फ्लेक्स प्लेटपर्यंत (इंजिनच्या टोकाची पातळ चकती, कन्व्हर्टर हिलाच जोडतात) काही मिलिमीटर फट आहे का ते बघा. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. फिरत नसेल तर बोल्टने ओढून बसवू नका, परत मागे घ्या.

सुरू केल्यावर ब्रेक दाबून, ॲक्सिलरेटर न देता ‘पी’पासून ‘डी’पर्यंत प्रत्येक जागी काही सेकंद थांबत दोन-तीनदा जा-ये करा. रिकामा कन्व्हर्टर भरताना पातळी झपाट्याने उतरते, तेव्हा तेल हाताशी ठेवा. पहिल्या एक-दोन वेळा गिअर उशिरा पडला तर घाबरू नका, पुढेही तसाच पडत राहिला तर इंजिन बंद करा. शेवटची पातळी सांगितलेल्या तापमानालाच तपासायची. बऱ्याच नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. तिथे गाडी समतल उचलून, इंजिन चालू ठेवून पातळीचा बोल्ट उघडायचा असतो, आणि तेलाचं तापमान स्कॅनरवर बघायचं असतं. अंदाजाने भरलेल्या तेलामुळे येणारी थरथर आणि उशीर साठवणीच्या बिघाडासारखाच वाटतो, म्हणून गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची भाषा सुरू होण्याआधी एवढी पातळी नीट बघून घ्या.